भेगा आपोआप बुजतात, पण कोणत्या अटींवर?

मुळशी तालुक्यातले मारुंजी हे हिंजवडीच्या शेजारचे गाव. इथे गेल्या काही वर्षांत उंच इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. आमची इमारत त्यांपैकीच एक. दोन वर्षांपूर्वी तिची जमिनीखालची पाण्याची टाकी साफसफाईसाठी रिकामी केली, तेव्हा आतल्या भिंतींवर भेगा दिसल्या. बहुतेक भेगा केसासारख्या बारीक होत्या. एक भेग मात्र, जिथे नळ भिंतीतून आत येतो त्या जागेजवळची, अशी होती की तिच्यात टाचणीचे टोक सहज जाई.

दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर रहिवाशांची सभा भरली. सभेत एका गृहस्थांनी वृत्तपत्रातील मजकूर वाचून दाखवला. तंतू घातलेल्या काँक्रीटच्या भेगा आपोआप भरून येतात, शास्त्रज्ञांनी तसे सिद्ध केले आहे, असा त्याचा सारांश. बांधकाम करणाऱ्यांचे अभियंतेही तत्परतेने म्हणाले, "आम्ही मिश्रणात फायबर टाकलेच होते. थोडे थांबा, भरून येईल." मग सगळे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही संशोधनात आहात. हे खरे आहे का?"

मी म्हणाले, "खरे आहे, पण या टाकीतल्या प्रत्येक भेगेबद्दल नाही." हे उत्तर कोणालाच आवडले नाही. सभेत ते नीट समजावून सांगता आले नाही, म्हणून हा लेख. त्यात थोडी टीकाही आहे. ती या संशोधनावर नाही. हे संशोधन आपल्यापर्यंत ज्या स्वरूपात पोचते, त्या स्वरूपावर आहे. त्या स्वरूपाला आपण विज्ञानलेखक जबाबदार आहोत, आणि ते वर्गात तपासून न पाहता पुढे देणारे शिक्षकही काही अंशी जबाबदार आहेत.

भेग बुजते कशी?

काँक्रीट 'वाळून' घट्ट होते, असा समज सर्वत्र आढळतो. मुलांच्या उत्तरपत्रिकांतही तो डोकावतो. वस्तुस्थिती उलट आहे. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक अभिक्रियेमुळे, म्हणजे जलयोजनामुळे. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात. त्यातून दोन पदार्थ तयार होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. वाळू आणि खडी यांना धरून ठेवणारा चिवट बंध तो हाच. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये या चुन्याचा वाटा साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका असतो.

ही अभिक्रिया पूर्ण होत नाही. सिमेंटच्या कणावर बाहेरून बंधाचे कवच चढते आणि आतल्या गाभ्यापर्यंत पाणी पोचणे कठीण होत जाते. शिवाय मजबूत काँक्रीटमध्ये पाणी मुळातच कमी घातलेले असते. त्यामुळे वर्षानुवर्षे जुन्या काँक्रीटमध्येही न भिजलेले सिमेंट शिल्लक असते. पावसाळ्यासाठी घरात बेगमी करून ठेवावी, तशी ही काँक्रीटमधील बेगमी असते.

आता भेग पडली आणि तिच्यात पाणी शिरले असे समजू. दोन गोष्टी सुरू होतात. भेगेच्या कडांवर उघडे पडलेले सिमेंटचे कण पुन्हा जलयोजन करू लागतात आणि नवा बंध तयार होतो. त्याच वेळी काँक्रीटमधील चुना पाण्यात विरघळून भेगेत येतो, पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे कॅल्साइटचे, पांढरे स्फटिक भेगेच्या भिंतींवर साचू लागतात. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केलेला आहे. भेगेत घडते ती तीच अभिक्रिया.

हे ज्ञान नवे नाही. काँक्रीट आपल्या भेगा बुजवते या निरीक्षणाची नोंद १८३६ सालच्या फ्रेंच विज्ञान अकादमीपर्यंत मागे नेली जाते. पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या अनुभवी मिस्त्रींनाही ते ठाऊक असते. नवी टाकी पहिल्यांदा भरल्यावर थोडी पाझरते आणि काही दिवसांनी पाझर थांबतो. १९९९ साली कॅरोला एडवर्डसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ०.१ ते ०.३ मिलिमीटर रुंदीच्या भेगांतून दाबाखाली पाणी सोडून त्याचा प्रवाह मोजला होता. पहिल्या तीन ते पाच दिवसांतच प्रवाह सर्वांत झपाट्याने घटला. आणि हे घडवून आणण्यात कॅल्साइटचा वाटा सर्वांत मोठा होता. स्फटिक किती वेगाने वाढतात ते भेगेच्या रुंदीवर आणि पाण्याच्या दाबावर अवलंबून असते, असेही त्यांना आढळले.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. बातम्यांमधून नेमके हेच गळते.

तंतूंचे खरे काम

तंतू घातलेले काँक्रीट आपल्या लोकांना अपरिचित नाही. मातीच्या भिंतीच्या चिखलात भुसा किंवा पेंढा तुडवायची पद्धत जुनी आहे. पेंढा मातीला चिकटवत नाही. माती सुकताना एक मोठी भेग पडण्याऐवजी अनेक बारीक भेगा पडाव्यात, एवढेच त्याचे काम. काँक्रीटमधील पोलादी, काचेचे किंवा पॉलिमरचे तंतू हेच करतात.

या तत्त्वाचा सर्वांत विचारपूर्वक वापर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून विकसित केलेल्या मिश्रणांत दिसतो. त्यांत खडी नसते. सिमेंट, बारीक वाळू, औष्णिक वीज केंद्रांतून मिळणारी राख आणि घनफळाच्या सुमारे दोन टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे आखूड तंतू असतात. तंतूंना तेलाचा पातळ लेप दिलेला असतो. हे ऐकून विद्यार्थी चकित होतील. चिकटायला हवे तिथे तेल कशाला? कारण तंतू सिमेंटला फार घट्ट चिकटला तर भेग पडताच तुटतो. थोडा घसरत, ओढ धरून राहिला, तर भेग रुंदावत नाही. मग ताण वाढला की शेजारी दुसरी बारीक भेग पडते, नंतर तिसरी. साधे काँक्रीट मूळ लांबीच्या सुमारे ०.०१ टक्के ताणले की फुटते. हे मिश्रण तीन ते पाच टक्के ताण सहन करते, आणि तेवढे ताणूनही त्यातील प्रत्येक भेग साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा अरुंद राहते.

याचा परिणाम किती मोठा आहे हे साध्या गणिताने पाहू. अरुंद भेगेतून वाहणाऱ्या पाण्याचा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी निम्मी केली की प्रवाह आठव्या हिश्शावर येतो. एका भिंतीत ०.५ मिलिमीटरची एकच भेग आहे असे समजा. दुसऱ्या भिंतीत तेवढीच फट दहा भेगांत वाटली गेली आहे, म्हणजे प्रत्येक भेग ०.०५ मिलिमीटरची. एकूण रुंदी दोन्हीकडे सारखीच. पहिल्या भिंतीत ०.५ चा घन, म्हणजे ०.१२५. दुसऱ्या भिंतीत ०.०५ चा घन ०.०००१२५, गुणिले दहा, म्हणजे ०.००१२५. गळती शंभरपट कमी! आणि अजून एकही भेग बुजलेली नाही. बुजण्याचा विचार यानंतर येतो.

म्हणून 'तंतू भेगा भरून काढतात' हे वाक्य चुकीचे आहे. तंतू भेगा अरुंद ठेवतात. भरून काढतात ते चुना, शिल्लक सिमेंट आणि पाणी. काही प्रयोगांत तंतूंच्या पृष्ठभागावर कॅल्साइटचे स्फटिक जमलेले दिसले आहेत, म्हणजे स्फटिकांना आधार देण्याचे दुय्यम काम तंतू करतात. पण मुख्य काम रुंदी आवरण्याचे. ली यांच्या गटाच्या २००९ सालच्या शोधनिबंधात या मिश्रणाचे भेगाळलेले नमुने आलटून पालटून ओले आणि कोरडे करून तपासले होते. निष्कर्ष असा की ०.०५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा चांगल्या बुजतात. ०.१५ मिलिमीटरपर्यंत अंशतः बुजतात. त्यापुढे फारसे काही घडत नाही.

झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे या उत्तम मिश्रणातही मर्यादा दीड कागदाची!

आता बाजारात मिळणाऱ्या 'फायबर'कडे पाहू. गिलाव्यात किंवा स्लॅबमध्ये घालण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंच्या पुड्या मिळतात. त्यांचे नेहमीचे प्रमाण एका घनमीटरला सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे घनफळाच्या ०.१ टक्का. वर सांगितलेल्या मिश्रणात हेच प्रमाण दोन टक्के आहे, म्हणजे वीसपट. पुडीतले तंतू निरुपयोगी नाहीत. ओले काँक्रीट पहिल्या काही तासांत आकसताना ज्या भेगा पडतात, त्या ते कमी करतात. पण मिशिगनच्या प्रयोगाचे श्रेय या पुडीला देणे म्हणजे एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याला उत्तीर्ण करण्यासारखे आहे. आमच्या सभेत नेमके तेच चालले होते.

'बरे होणे' म्हणजे नेमके काय?

या विषयावरच्या लेखनाचा एक ठरलेला साचा आहे. सुरुवातीला त्वचेवरची जखम, मग भेगाळलेल्या पुलाचे छायाचित्र, मग 'आता काँक्रीटही स्वतःला बरे करणार'. ही उपमा आकर्षक आहे, पण तिने दोन गैरसमज होतात.

पहिला गैरसमज पुरवठ्याबद्दलचा. त्वचेला रक्तातून सतत नवे द्रव्य मिळते. काँक्रीटला तसे काही मिळत नाही. त्यात जी बेगमी पहिल्या दिवशी ठेवली तेवढीच. ती संपली की संपली. म्हणून कोवळ्या काँक्रीटच्या भेगा जुन्या काँक्रीटपेक्षा चांगल्या बुजतात. हालचालीमुळे पुन्हा पुन्हा उघडणारी भेगही लवकरच हात टेकते.

दुसरा गैरसमज शब्दाचा. 'बरे झाले' या शब्दांत तीन वेगळे अर्थ कोंबलेले असतात. एक, भेग वरून दिसेनाशी झाली. दोन, तिच्यातून पाणी जाणे थांबले. तीन, काँक्रीटची ताकद परत आली. भेगेच्या तोंडाशी पांढरा थर जमला की पहिला अर्थ साधतो, पण आत पोकळी तशीच असू शकते. पाणी थांबले तर दुसरा अर्थ साधतो, पण कॅल्साइटचा तो भराव ओढ सहन करीलच असे नाही. तिसरा अर्थ सर्वांत कठीण. प्रयोगशाळेत हे तिन्ही वेगळ्या पद्धतींनी मोजतात: सूक्ष्मदर्शकाने, पाण्याच्या प्रवाहाने, पुन्हा वाकवून. बातमीत मात्र तिन्हींसाठी एकच क्रियापद येते.

तुलनेचा नमुना कुठे गेला?

नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठातील हेंक योंकर्स यांचे जिवाणूंवरील काम बहुतेकांनी वाचले असेल. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्यात साधे जिवाणू तगत नाहीत. म्हणून आपल्या लोणारसारख्या क्षारयुक्त, अल्कधर्मी सरोवरांत जगणाऱ्या प्रकारचे जिवाणू घेतात. त्यांचे बीजाणू आणि खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट हे सच्छिद्र मातीच्या गोळ्यांत भरून काँक्रीटमध्ये मिसळतात. भेगेतून पाणी आत गेले की बीजाणू जागे होतात, लॅक्टेट खातात आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते.

व्हर्जिनी विक्टर आणि योंकर्स यांनी २०११ साली या पद्धतीचे मोजमाप प्रसिद्ध केले. शंभर दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर जिवाणू घातलेल्या नमुन्यांत ०.४६ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्या. हा आकडा जगभर फिरला. पण त्याच शोधनिबंधात, त्याच वाक्यात, आणखी एक आकडा आहे. जिवाणू न घातलेल्या तुलनेच्या नमुन्यांतही ०.१८ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्या होत्या!

हा दुसरा आकडा गाळल्यावर वाचकाला वाटते की जिवाणूंशिवाय काहीच घडत नाही आणि जिवाणूंमुळे सर्व काही घडते. दोन्ही आकडे दिले की खरी गोष्ट कळते. साधे काँक्रीटही थोडे करते आणि जिवाणूंमुळे ती मर्यादा सुमारे अडीचपट होते. ही प्रगती मोठीच आहे. तिला अतिशयोक्तीची गरज नाही. 'शंभर दिवस', 'पाण्यात बुडवून' हे शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. छताच्या स्लॅबला शंभर दिवस कोण बुडवून ठेवणार?

२०२३ च्या जानेवारीत रोमन काँक्रीटविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्राचीन रोमन बांधकामातील चुन्याच्या पांढऱ्या गाठी म्हणजे कामातील हयगय नसून भेगा बुजवणारा साठा असावा, असे अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी त्यात मांडले. त्यांच्या प्रयोगात अशा गाठी असलेल्या मिश्रणातील अर्ध्या मिलिमीटरच्या भेगेतून जाणारे पाणी दोन आठवड्यांत थांबले आणि गाठी नसलेल्या मिश्रणातून ते जातच राहिले. इथेही शास्त्रज्ञांनी तुलना केली होती. पण 'रोमनांचे रहस्य उलगडले' या मथळ्याखाली ती तुलना वाचकापर्यंत क्वचितच पोचली.

टेमघरचा धडा

पाणी आणि चुना यांचे नाते एकतर्फी नाही, याचे उदाहरण आमच्या मुळशी तालुक्यातच आहे. मुठा नदीवरील टेमघर धरण हे दगडी बांधकामाचे धरण. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांपैकी हे एक. २०१६ साली त्याची गळती मोठ्या चर्चेचा विषय झाली. सेकंदाला सुमारे अडीच हजार लिटर पाणी धरणाच्या अंगातून बाहेर पडत होते. २०१७ पासून दुरुस्ती हाती घेतली गेली. बांधकामात छिद्रे पाडून दाबाने सिमेंटचे मिश्रण भरण्यात आले आणि पाण्याकडील बाजूवर पॉलिमर तंतू मिसळलेल्या काँक्रीटचा फवारा मारून थर देण्यात आला. त्यानंतर गळती सुमारे ९० टक्के कमी झाली.

आता प्रश्न असा की दहा-पंधरा वर्षे पाणी वाहत असूनही या वाटा आपोआप का बुजल्या नाहीत? सिमेंट होते, चुना होता, पाणी तर विपुल होते.

उत्तरासाठी पुन्हा चुन्याच्या निवळीकडे जाऊ. फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते. तशीच फुंकत राहिलो तर दुधाळपणा नाहीसा होऊन ती पुन्हा स्वच्छ होते. जादा कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणाऱ्या कार्बोनेटचे विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते. हा प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग आपण बहुधा गाळतो. सह्याद्रीवर पडणारे पावसाचे पाणी मृदू असते. त्यात विरघळलेले कॅल्शियम फार थोडे असते. असे पाणी रुंद वाटेने वेगात वाहू लागले की चुना साचण्याऐवजी विरघळून वाहून जातो. वाट रुंदावते, रुंदावली की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की आणखी चुना जातो. गळणाऱ्या दगडी बांधकामावर दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे आतून निघून गेलेला माल. ते पाहून 'भेग बुजते आहे' असे म्हणणे धोक्याचे.

म्हणजे एकच रसायनशास्त्र अरुंद भेगेत डॉक्टर असते आणि रुंद वाटेत चोर. सीमा कुठे पडते ते रुंदी, दाब आणि प्रवाहाचा वेग ठरवतात. टेमघरच्या थरातील तंतूही भेगा बुजवण्यासाठी नाहीत. फवारलेला थर आकसून त्याला रुंद भेगा पडू नयेत यासाठी ते आहेत.

कोयनेचेही स्मरण इथे योग्य ठरेल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या काँक्रीटला भेगा पडल्या. त्या बुजण्याची वाट कोणी पाहिली नाही. त्यांत इपॉक्सी भरण्यात आले आणि पुढे धरणाला मागून आधार बांधून ते बळकट करण्यात आले.

मानके काय सांगतात?

अभियंत्यांच्या मानकांत या अटी केव्हाच्या लिहिलेल्या आहेत. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत भेगेची रुंदी सर्वसाधारण ठिकाणी ०.३, ओलाव्याच्या ठिकाणी ०.२ आणि अधिक तीव्र परिस्थितीत ०.१ मिलिमीटरपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे. पाणी साठवणाऱ्या बांधकामांच्या युरोपीय मानकात तर आपोआप बुजण्याचा हिशेबच दिला आहे. पाण्याची उंची भिंतीच्या जाडीच्या पाचपट असेल तर ०.२ मिलिमीटरपर्यंतची भेग बुजेल असे धरावे. पस्तीसपट असेल तर ०.०५ पर्यंतचीच. मधल्या गुणोत्तरांसाठी त्या प्रमाणात. आमच्या टाकीत पाणी तीन मीटर आणि भिंत वीस सेंटिमीटर, म्हणजे गुणोत्तर पंधरा. हिशेबाने मर्यादा येते ०.१५ मिलिमीटर. टाचणीचे टोक त्याच्या कित्येक पट जाड असते. सभेतला वाद या एका ओळीत मिटायला हरकत नव्हती.

आणखी एक गोष्ट. भेगेतील चुन्याचे कार्बोनेट होणे पाण्याच्या दृष्टीने चांगले असले तरी पोलादी सळयांच्या दृष्टीने तसे नसते. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईवर संरक्षक थर राहतो. चुना संपत गेला की तो गुण उतरतो आणि हवा-पाणी पोचताच सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून रुंद भेगेच्या बाबतीत वाट पाहणे हे तटस्थ राहणे नव्हे. तो तोट्याचा निर्णय असतो.

आणि ज्या गोष्टीला ना जिवाणू लागतात ना परदेशी तंतू, तिच्याबद्दल कोणी मथळा देत नाही. ती म्हणजे नव्या काँक्रीटवर पाणी मारणे. त्याच मानकात साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे असे सांगितले आहे. गोणपाट अंथरून, आळी करून पाणी साठवून हे सहज करता येते. पण कामाची घाई असली की पहिली कात्री यालाच लागते. जी भेग पडलीच नाही ती बुजवावी लागत नाही.

वर्गात काय करता येईल?

सिमेंट आणि वाळू १:३ प्रमाणात घेऊन दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या सहा चकत्या ओताव्यात. तिघींत नायलॉनच्या दोऱ्याचे सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे मिसळावेत. सर्व चकत्या सात दिवस पाण्यात ठेवाव्यात. मग प्रत्येक चकती मधोमध दाबून तिला भेग पाडावी. साध्या चकतीचे दोन तुकडे होतील, ते जुळवून तारेने आवळावेत. दोरे घातलेली बहुधा एकसंध राहील. हा फरकही विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावा. चकतीवर मेणाची कड करून त्यात ठरावीक पाणी ओतावे आणि तासाभरात खाली किती गळते ते मोजावे. मग प्रत्येक प्रकारातील दोन चकत्या पाण्यात आणि एक कपाटात कोरडी ठेवावी. दर आठवड्याला मोजमाप करून आलेख काढावा.

निकाल आपल्या अपेक्षेप्रमाणे येईलच असे नाही, आणि तसे आले नाही तरी बिघडत नाही. कोरड्या चकतीचे मोजमाप का घ्यायचे हे विद्यार्थ्याला समजले, तर प्रयोग साधला. पुढे कुठलीही विज्ञानवार्ता वाचताना त्याने तीन प्रश्न विचारावेत. किती? कोणत्या परिस्थितीत? कशाच्या तुलनेत? 'काँक्रीट स्वतःला बरे करते' या वाक्याला हे तीन प्रश्न विचारले की ते वाक्य खोटे ठरत नाही. ते उपयोगी ठरते.

आमच्या टाकीचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. बऱ्याच चर्चेनंतर 'थांबून पाहू' असेच ठरले. वर्षभराने टाकी पुन्हा रिकामी केली. बारीक भेगांच्या जागी पांढऱ्या रेषा होत्या आणि त्या कोरड्या होत्या. गृहस्थांच्या बातमीचा तेवढा भाग खरा ठरला. नळाजवळच्या भेगेतून मात्र तांबूस ओघळ आला होता. काँक्रीट फोडल्यावर आतली सळई गंजलेली निघाली, आणि दुरुस्तीचा खर्च आधीच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आला. दोन्ही भेगा एकाच भिंतीत, एकाच काँक्रीटमध्ये होत्या. फरक होता तो रुंदीचा, आणि ती मोजायला कागदाच्या दोन तुकड्यांखेरीज काही लागले नसते.